दगड साक्षीला

११ मे २०२५, रविवार, कासेल (जर्मनी)

लेकीकडे आल्यापासून एक गोष्ट डोळ्यांत भरत होती. रस्त्याकडेच्या मोठ्या झाडांपैकी कितीतरी झाडांच्या बुंध्याशी एक काळा दगड उभा. कमरेपेक्षा थोडा उंच, जमिनीत पक्का गाडलेला. गाड्या झाडावर आदळू नयेत म्हणून असेल असं धरून चाललो होतो, पण शाळेच्या आवारात आणि बागेच्या मधोमधही तेच. तिथे कुठली गाडी यायला?

आज जवळ जाऊन हात फिरवला. पाच-सहा कोन, कडा थोड्या बोथट झालेल्या, सावलीच्या अंगाला शेवाळ आणि करडं दगडफूल. बेसाल्ट. सह्याद्रीच्या पायथ्याशी जन्म गेलेल्या माणसाला काळा कातळ ओळखायला कुणाला विचारावं लागत नाही.

ही म्हणाली, "शेंदूर तेवढा फासायचा राहिलाय." लेक हसली. "देव नाहीये आई, शिल्प आहे. योझेफ बॉइस म्हणून कलावंत होता, त्याचं. असे सात हजार दगड आहेत शहरात, आणि सात हजार झाडं."

माझी सगळी नोकरी नगरपालिकेच्या उद्यान खात्यात झाली. सात हजार झाडं म्हटल्यावर, यात कला कुठली, हा प्रश्न मला पडलाच नाही. पाणी कुणी घातलं, हा पडला.

१३ मे, मंगळवार

लेकीने ग्रंथालयातून पुस्तक आणलंय. ती जर्मन वाचून सांगते, मी लिहून घेतो.

कासेलमध्ये १९५५ पासून 'डॉक्युमेंटा' नावाचं समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन भरतं. आता दर पाच वर्षांनी. १९८२ मध्ये सातवं होतं. बॉइसने मुख्य चौकात, फ्रीडेरिसियानुम संग्रहालयासमोर, बेसाल्टचे सात हजार खांब आणून ढीग घातला. ढिगाचा आकार पाचरीसारखा निमुळता, आणि त्याच्या टोकाशी त्याने स्वतः लावलेलं ओकचं पहिलं रोप. लागवडीची तारीख १६ मार्च १९८२. अट एकच. शहरात कुठेही एक झाड लागलं की ढिगातला एक दगड उचलायचा आणि त्या झाडाशेजारी रोवायचा. झाड नाही, तर दगड जागचा हलणार नाही.

मला हा माणूस इथेच पटला. राहिलेलं काम त्याने भर चौकात मांडून ठेवलं. आमच्याकडे राहिलेलं काम फायलीत असतं आणि फाईल कपाटात.

पैशाची जुळवाजुळव त्याला सुटली नाहीच. झाड आणि दगड मिळून ५०० मार्क, देणगीदाराने द्यायचे. म्हणजे सात हजारांचे पस्तीस लाख मार्क. न्यूयॉर्कच्या डीआ आर्ट फाउंडेशनने सुरुवातीचा भार उचलला. बॉइसने जपानी व्हिस्कीच्या जाहिरातीत काम केलं. रशियाच्या इव्हान द टेरिबलच्या मुकुटाची सोन्याची प्रतिकृती त्याला कुणी दिली होती, ती त्याने याच चौकात लोकांसमोर वितळवली, तिचा छोटा ससा ओतला आणि तो ७ लाख ७७ हजार मार्कांना विकला. राजाचा मुकुट मोडून खड्डे खणायचे. आमच्या एकाही मुख्याधिकाऱ्याला हे सुचलं नसतं.

१५ मे, गुरुवार

शेजारच्या आजीबाई आज सकाळी कुंड्यांत टोमॅटोची रोपं लावत होत्या. इथे पंधरा मेपर्यंत कोवळं रोप बाहेर काढत नाहीत, थंडीचा शेवटचा फटका बसतो म्हणे. जुन्या संतांच्या नावाचे दिवस आहेत ते, शेवटचा आजचा. आपल्या नक्षत्रांच्या हिशेबाइतकाच हा हिशेब शेतकऱ्याच्या अंगात मुरलेला. लेक मध्ये दुभाषी उभी राहिली आणि आम्ही दोघे अर्धा तास खतमातीवर बोललो.

त्यांना दगडांबद्दल विचारलं. तो ढीग गावातल्या निम्म्या लोकांना डोळ्यांसमोर नको होता, म्हणाल्या. ऐन चौकात खडीचा डेपो केल्यासारखं दिसायचं. कुणी रागाने दगडांना गुलाबी रंगही फासला होता. गाडी लावायच्या जागा जाणार म्हणून ओरडा तर रोजचा. त्यांच्याच दारासमोरच्या झाडावरून सासऱ्यांनी दोन महिने अबोला धरला होता, कारण नेमकी तिथे त्यांची गाडी उभी असायची. "मग?" मी विचारलं. "मग काय, पुढे त्याच झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे."

झाड कुठे लावायचं हे लोकांनी सुचवायचं, अशी पद्धत होती. शाळा, बालवाड्या, वस्तीतल्या मंडळ्या जागा कळवायच्या. बॉइसच्या माणसांचं एक छोटं कार्यालय ते अर्ज घेऊन शहराच्या वेगवेगळ्या खात्यांत फिरायचं. खाली केबल आहे का, गॅसची नळी आहे का, जागा कुणाच्या मालकीची, फांदी उद्या कुणाच्या खिडकीवर येईल. लेकीने पुस्तकातलं हे वाचून दाखवलं तेव्हा मला घरच्यासारखं वाटलं. ना हरकत दाखला मिळवणं हाही या शिल्पाचा भाग होता, असं बॉइसच मानायचा. समाज हाच मातीचा गोळा, तो सगळ्यांनी मिळून घडवायचा, आणि घडवणारा प्रत्येक जण कलावंत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हे भाषण वाटलं. अर्ज, नकार, पुन्हा अर्ज हा सगळा तपशील कळल्यावर वाटत नाही.

१८ मे, रविवार

ट्रामने चौकात गेलो. फ्रीडेरिसियानुमसमोर आता ढिगाची खूणही नाही. दोन ओक शेजारी शेजारी उभे आहेत, दोघांपाशी एकेक दगड. एक पहिलं झाड, दुसरं शेवटचं. बॉइस २३ जानेवारी १९८६ ला गेला, तेव्हा साडेपाच हजारांच्या आसपास झाडं लागली होती. उरलेली लोकांनी लावली. शेवटचं त्याच्या मुलाने लावलं, १२ जून १९८७ ला, पुढच्या डॉक्युमेंटाच्या उद्घाटनाला.

दोघांच्या वयात पाच वर्षांचं अंतर, पण आज सांगूनही ओळखता येणार नाही. १९८२ मध्ये दगड दिसत असणार आणि रोप शोधावं लागत असणार. आज उलटं आहे. दगड तेवढाच राहिला, झाड वाढलं. हे बॉइसने मुद्दाम योजलं होतं. एक बाजू स्थिर ठेवली की दुसरी किती सरकली ते कळतं. आम्ही वाढ मोजायला रंगवलेली काठी रोवायचो, तिचंच हे कायमचं रूप.

याच चौकात आणखी एक काम आहे, लेकीने दाखवलं नसतं तर त्याच्यावर पाय देऊन पुढे गेलो असतो. वाळूच्या दगडाची चौकोनी फरशी आणि तिच्या मधोमध रुपयाच्या साधारण दुप्पट रुंदीची पितळी चकती. वॉल्टर डी मरिया या अमेरिकन कलावंताने १९७७ मध्ये इथे एक किलोमीटर लांबीची पितळी कांब सरळ खाली जमिनीत उतरवली. दिसतं ते तिचं वरचं टोक फक्त. डोकं चक्रावतं खरं. पण एकदा पुरली की संपलं. तिला कुणी पाणी घालायचं नाही, ती कुणाच्या गाडीच्या आड येत नाही, तिच्यासाठी शेजाऱ्याशी बोलावं लागत नाही.

२१ मे, बुधवार

आज सुतळी घेऊन बाहेर पडलो. जावई म्हणतो, बाबांनी इथेही वृक्षगणना काढली.

नावात ओक असले तरी सगळे ओक नाहीत. लिंडन आहेत, मॅपल आहेत, प्लेन आहेत, चेस्टनट, अ‍ॅश. जागा बघून जात निवडलेली दिसते, आणि हे जाणकाराचं लक्षण. जवळच्या गल्लीतल्या एका ओकचा घेर छातीच्या उंचीवर दीड मीटरच्या वर भरला. मुळाचा एक फुगवटा दगडाला जाऊन भिडलाय आणि दगड किंचित कलला आहे. दुसऱ्या एका झाडाची साल दगडाच्या कडेवर ओठासारखी वळून चढली आहे. बोटाने चाचपून पाहिलं. साल आणि कातळ यांच्यामध्ये नख जात नाही.

मग एके ठिकाणी मला हवं ते सापडलं. जुना, दगडफुलांनी भरलेला दगड आणि त्याच्याशेजारी मनगटाएवढ्या खोडाचं झाड, तीन काठ्यांना बांधलेलं. म्हणजे इथलं पहिलं झाड गेलं आणि दुसरं लावलं. आमच्याकडे याला नांग्या भरणं म्हणतात. यंदा इथे वसंतात पाऊस अगदीच कमी झालाय, त्यामुळे कोवळ्या झाडांच्या बुंध्याला हिरव्या पिशव्या गुंडाळल्या आहेत. एकदा भरली की पिशवी थेंब थेंब पाझरत राहते. २०१८ पासूनच्या कोरड्या उन्हाळ्यांनी जर्मनीत झाडांचे हाल केलेत आणि अ‍ॅशवर तर बुरशीचा रोग आहे. त्रेचाळीस वर्षांनीही काम चालूच आहे. शहराचा उद्यान विभाग बघतो, शिवाय या झाडांसाठी एक वेगळी संस्थाही आहे.

२५ मे, रविवार

विल्हेल्म्सहोएच्या टेकडीवर गेलो. वर हर्क्युलिसचा पुतळा, खाली पायऱ्यापायऱ्यांनी सोडलेलं पाणी. गर्दी तिकडे. मी कातळ बघत होतो. हा सगळा टापू जुन्या ज्वालामुखींचा, बॉइसचे दगड याच परिसरातल्या खाणीतले.

बेसाल्टला हे कोन कुणी छिन्नीने पाडलेले नसतात. लाव्हा थंड होताना आकसतो, आकसताना भेगा पडतात, आणि सगळीकडून सारखा ताण असला की भेगा सहा बाजूंचा आकार धरतात. भेग वरून खाली उतरत जाते आणि खांब तयार होतो. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, तिथे हेच खांब जवळजवळ दोनशे फूट उंच उभे आहेत, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. आता चारी बाजूंनी इमारती आणि झोपड्या, माथ्यावर देऊळ. इथला बेसाल्ट त्या मानाने पुष्कळ तरुण.

परतताना जावयाने शहराचा जुना फोटो दाखवला. इथे हेन्शेलच्या कारखान्यात रणगाडे व्हायचे. २२ ऑक्टोबर १९४३ च्या रात्री ब्रिटिश बॉम्बफेकीत जुनं कासेल जळालं, सुमारे दहा हजार माणसं मेली. त्यानंतर घाईने उभं केलेलं सिमेंटचं शहर म्हणजे बॉइसला मिळालेलं शहर. तो स्वतः त्याच युद्धात जर्मन हवाई दलात होता. ओकचं पान तर जर्मन सैन्याच्या पदकांवर असायचं. ते झाड पदकावरून उतरवून बालवाडीच्या दारात लावायचं, हे साधं काम नव्हे.

१ जून, रविवार

पुस्तकाच्या शेवटी इतर कलावंतांची माहिती आहे. १९८२ च्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये ॲग्नेस डेनेस या बाईने मॅनहॅटनच्या टोकाला, भराव टाकलेल्या दोन एकरांत गहू पेरला. शेजारी वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे. ऑगस्टमध्ये कापणी झाली, हजार पौंडांच्या आसपास गहू निघाला. जगातल्या सगळ्यात महाग जमिनीवर गहू का पेरायचा, हा तिचा प्रश्न आणि तो रोकडा आहे. पण शेत चार महिन्यांत आटोपलं, पुढे तिथे इमारती आल्या.

याच बाईने पुढे फिनलंडमध्ये, खडीच्या जुन्या खाणीवर, अकरा हजार माणसांकडून अकरा हजार पाइन लावून घेतले. प्रत्येकाला झाडाच्या मालकीचा कागद दिला, चारशे वर्षांचा. म्हणजे तीही शेवटी तिथेच आली, झाडामागे माणूस बांधायचा. बॉइसने दगड बांधला, तिने नाव.

५ जून, गुरुवार

पहाटेपासून फोन वाजतोय. जागतिक पर्यावरण दिन. गावाकडून फोटो येताहेत. एका रोपाला आठ जणांचे हात, मागे रोपाच्या दहापट मोठा फ्लेक्स, नेत्यांच्या पायाशी पोयट्याची हिरवी पिशवी. पिशवी न फाडताच रोप खड्ड्यात ठेवलेलं एका फोटोत स्पष्ट दिसतंय.

राज्यात २०१६ मध्ये एका दिवसात दोन कोटी झाडांचा संकल्प होता, मग चार कोटी, मग तेरा, आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटींचा. आकडा नेहमी लावण्याचा. जगण्याचा आकडा कुणी फ्लेक्सवर छापत नाही. एका नगरपालिकेच्या वर्षावर्षाच्या नोंदी मी एकदा एकाखाली एक मांडून बघितल्या होत्या. त्या खऱ्या धरल्या, तर काही रस्त्यांवर माणसाला चालायला जागाच उरली नसती, इतकी झाडं. प्रत्यक्षात दर पावसाळ्यात त्याच खड्ड्यात रोप, मार्चमध्ये काटकी, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा रोप. खड्डा खणण्याचं बिल मात्र दरवर्षी नवं.

यात सगळे लबाड असतात असं नाही. रोप मेलं की ते नाहीसं होतं, त्याची जागा रिकामी दिसत नाही, हे खरं कारण आहे. मेलेल्या रोपाचा पुरावा राहत नाही. चार गवताच्या काड्या उगवल्या की तिथे कधी काही लावलं होतं हे सांगायलाही कुणी नाही. बॉइसचा दगड नेमकं इथे काम करतो. झाड मेलं तरी दगड मरत नाही. तो तिथेच उभा राहतो आणि येणारा-जाणारा विचारतो, याचं झाड कुठंय? एकट्या दगडाला लपवता येत नाही, म्हणून नांगी भरावीच लागते. साताठ अहवालांनी होणार नाही ते हा मुका दगड करतो. या शिल्पातलं मला उमगलेलं मर्म हेच. झाडं सुंदर आहेतच, पण कला असेल तर ती या हिशेबात आहे.

१० जून, मंगळवार

आज वटपौर्णिमा. इथे वड कुठला? हिने कागदावर वड काढून भिंतीला लावला आणि त्याला सूत गुंडाळलं. गावाकडे बाजारात आज वडाच्या फांद्यांचे भारे येतात. झाडाच्या पूजेसाठी झाड ओरबाडायचं. हिचा कागद त्याहून बरा.

दुपारी देवराईचा विषय निघाला. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी पश्चिम घाटातल्या देवराया पायी फिरून नोंदवल्या. नियम कडक, वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही. आत झाडाखाली बहुतेक एक अनघड तांदळा. झाड आणि दगड ही जोडी आपल्याकडे फार जुनी आहे, म्हणूनच हिला पहिल्या दिवशी शेंदूर आठवला.

पण दोन्हींत फरक आहे आणि तो मला झाकायचा नाही. देवराई कुणी लावलेली नसते. बाकीचं रान तुटलं तेव्हा भीतीने राखलेली असते. कासेलची झाडं डांबर उकरून, भांडून, पावती फाडून लावलेली आहेत. भीती ओसरली की देवराईचं काय होतं तेही पाहिलंय. देवाला मोठं देऊळ बांधायचं ठरतं आणि त्याच्या तुळयांसाठी त्याचंच रान तोडतात. भीतीपेक्षा हिशेब टिकाऊ असावा, निदान तो पुन्हा तपासता येतो.

१२ जून, गुरुवार

आज शेवटच्या झाडाला अडतीस वर्षं झाली. संध्याकाळी आमच्या जुन्या मुकादमाला फोन लावला. गावच्या गायरानाच्या कडेला झाडं लावायची आहेत, ग्रामपंचायत तयार आहे. त्याला सगळं सांगितलं. खाणीतले टाकाऊ दगड आणायचे, ग्रामपंचायतीसमोर ढीग घालायचा, झाड लागेल तसा एकेक उचलायचा.

तो शांतपणे ऐकून म्हणाला, "साहेब, कल्पना झ्याक हाय. पण वर्षाच्या आत एखाद्या दगडाला शेंदूर लागंल."

"लागू दे. झाड तरी तोडणार नाहीत."

"आसं कसं? शेंदूर लागला की पत्रा येतो. पत्र्यानंतर मंडप. मग झाडाची फांदी मंडपाला आडवी येती म्हणून झाड काढत्यात. आन् त्याच्या आधी पार बांधणार, शिमिटाचा, बुंध्याला घट्ट. निधी असतोय त्याला."

खरं आहे. कुऱ्हाडीपेक्षा जास्त झाडं मी पाराने गुदमरून मेलेली पाहिलीत. मुळाला हवा नाही, पाणी वरच्या वर वाहून जातं, आणि चार वर्षांनी शेंडा वाळला की लोक म्हणतात रोग पडला. कासेलमध्ये ज्याची भीती नव्हती ती आपल्याकडे आहे. इथे दगड नुसता दगड राहतो. आपल्याकडे त्याला फार दिवस तसं राहू देत नाहीत.

तासभर घासाघीस झाली. ठरलं ते असं. दगड झाडापासून तीन फुटांवर. मधली माती उघडी, तिथे सिमेंट नाही, हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्यायचं. प्रत्येक दगड एकेका घराच्या नावावर, पण दगडावर नाव कोरायचं नाही, वहीत लिहायचं. कोरलं की भांडणं. अंदाजपत्रकातली पहिली ओळ रोपांची नाही, तीन उन्हाळ्यांच्या पाण्याची. मेलेलं झाड पुढच्या पावसाळ्यात त्याच घराने लावायचं. तोवर दगड तिथेच.

शेवटी त्याने विचारलं, "मग दगड किती आणू? पाचशे म्हणू?"

म्हटलं, एक टँकर ऐन मे महिन्यात किती झाडांना पुरतो ते आधी मोज. तेवढेच आण.